भोगावतीचा डावा कल

माझं काम लोकांना फार मजेचं वाटतं. घरी बसून संगणकावर विमानं उडवायचा नाद असलेल्यांसाठी बाजारात नवं विमान आलं, की ते मी आधी उडवून बघतो आणि सांगतो, घ्यावं की न घ्यावं. माझ्या चॅनेलचं नावही तेच आहे. मी तासभर घसा कोरडा करून इंजिनाचा आवाज, चाकांचे धक्के, खिडकीवरचे ओरखडे समजावून सांगतो आणि खाली पहिलीच प्रतिक्रिया येते, 'ते राहू दे, घेऊ का नको तेवढं सांग.'

त्यात गेल्या काही वर्षांत तपशिलाचं खूळ भलतंच वाढलंय. पूर्वी असं विमान विकत घेतलं की बटण दाबून उडता यायचं. आता उडायच्या आधी मागच्या शौचालयाची टाकी भरली का ते बघावं लागतं. एका कंपनीच्या विमानात हवाईसुंदरी कॉफी विचारायला येते आणि उत्तर दिलं नाही तर उतरेपर्यंत घुश्शात असते. यावर वैतागून मी एक अख्खा भाग केला, तर कंपनीनं 'समीक्षकांनीही दखल घेतली' म्हणून त्याची जाहिरात केली.

त्यामुळं पुण्याच्या 'हुबेहूब' कंपनीच्या निनाद सरपोतदारचा फोन आला तेव्हा मी फारसा उत्साह दाखवला नाही. पण तो म्हणाला, त्यांना विमानाचा प्रकार विकायचा नव्हता. एकच एक खरं विमान विकायचं होतं, भोगावती.

भोगावती मला माहीत होती. भारद्वाज एअर ही आमच्या भागातली छोटी विमान कंपनी, तिची सगळी विमानं नद्यांच्या नावांची. त्यातलं भोगावती म्हणजे दोन पंख्यांचं, सत्तर आसनांचं विमान, मुक्काम कोल्हापूर. सकाळी हैदराबाद, दुपारी मुंबई, संध्याकाळी घरी. ते बहुतेक वेळा चालवते ती कॅप्टन केतकी इंगवले, म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. तिची सुट्टी असली की दुसरा कॅप्टन बाहेरून येतो. निनादला हे ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यानं बाजारात आणण्याआधी ते मला पाठवलं.

त्यांची युक्ती खरोखर चांगली होती. हल्लीच्या नियमानं विमान कंपन्यांना प्रत्येक उड्डाणाची नोंद खुली करावी लागते, वैमानिकांची नावं गाळून. एकाच कारखान्यातून निघालेली दोन विमानं कागदावर सारखी असतात, हवेत नसतात. एकाचा पंख केसभर जास्त वाकलेला असतो, दुसऱ्याचं एक इंजिन किंचित आळशी असतं, आणि वापर होईल तसे हे फरक वाढत जातात. हुबेहूबनं भोगावतीच्या सगळ्या उड्डाणांच्या नोंदी एका शिकणाऱ्या संगणकाला दिल्या. प्रत्येक क्षणी पुस्तकातलं विमान कसं वागलं असतं ते त्यानं काढायचं, खरं विमान कसं वागलं ते बघायचं, आणि एकातून दुसरं वजा करायचं. वजाबाकीत जे पुन्हा पुन्हा उरेल तो भोगावतीचा स्वभाव.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो. शिरोलीच्या एमआयडीसीत माझा ओतकामाचा लहानसा कारखाना आहे. पंपांची, मोटारींची कवचं ओततो. घराच्या वरच्या मजल्यावर मी स्वतः ओतलेल्या ॲल्युमिनियमचं दोन आसनांचं कॉकपिट आहे. खऱ्या कॉकपिटात मी कधीच बसणार नव्हतो, कारण मला रंग कळत नाहीत. धावपट्टीशेजारी चार दिव्यांची रांग असते. विमान बरोबर उंचीवर असेल तर वैमानिकाला दोन लाल आणि दोन पांढरे दिसतात, खाली गेलं तर लाल वाढतात. मला चारही सारखेच पिवळट दिसतात. घरच्या संगणकात मी त्या दिव्यांवर आकडे टाकून घेतलेत, तेवढीच सोय.

बारावीनंतर मी वैमानिकाच्या तपासणीला गेलो तेव्हा केतकी नववीत होती. तिनं कुठल्याशा चष्मेवाल्याकडून रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक मिळवलं, ज्यात ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेले असतात, आणि सगळी पानं पाठ करून माझ्याकडून घोकून घेतली. पहिलं पान बारा, दुसरं आठ, तिसरं सहा. डॉक्टरांनी पुस्तक मधूनच उघडलं आणि मी गप्प बसलो. पुढं ती वैमानिक झाली आणि मी कवचं ओतू लागलो.

तर भोगावती. पहिल्या दिवशी मी इतका खूश झालो की स्वतःचाच संशय आला. डावं इंजिन सुरू होताना जरा कुरकुरतं, ते तसंच. ढगातून जाताना शेपटीकडून येणारी ती बारीक थरथर केतकीनं मला कितीदा सांगितली होती, तीही जागच्या जागी. कोल्हापूरहून उडून सांगलीवर वळलो तेव्हा वाटलं, शेवटी कुणीतरी शौचालयाची टाकी सोडून विमानाकडं लक्ष दिलं.

मग उतरायला गेलो. टेकायच्या आधी नाक किंचित उचलायचं असतं. ते उचललं आणि शेवटच्या हातभर उंचीवर विमान डावीकडं कललं, डावं चाक धपकन बसलं. वाटलं माझीच चूक. पुन्हा उतरवलं, पुन्हा डावं चाक. वारा बंद केला, दुसरी धावपट्टी घेतली, वजन कमी केलं. डावं ते डावंच.

ओतकामात आमची एक साधी पद्धत असते. एखाद्या नगात खोट आली तर ओतताना काहीतरी चुकलं. प्रत्येक नगात त्याच जागी खोट आली तर ओतणाऱ्यावर ओरडून उपयोग नाही, ज्यावरून साचा केला तो लाकडी पॅटर्न तपासायचा. मी निनादला फोन करून सांगितलं की तुझ्या पॅटर्नमध्ये खोट आहे. तो दुखावला. म्हणाला, त्यांनी काहीच घातलेलं नाही, नोंदीतच तसं आहे, विमानाचा स्वभावच आहे तो. मी म्हणालो, असला स्वभाव असता तर एव्हाना त्याचं डावं चाक गळून पडलं असतं. तो म्हणाला, शुक्रवारी बाजारात आणतोय, कृपा करून तोपर्यंत हे कुठं बोलू नका. यावर आमची चांगलीच जुंपली आणि फोन कुणी आधी ठेवला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

म्हणून मी केतकीला बोलावलं. त्या विमानाचं तिच्याइतकं कुणाला कळणार?

ती आली तीच कावलेली. आमच्या गल्लीत वळताना तिच्या गाडीचा डावा आरसा पुन्हा खांबाला घासला होता. चिकटपट्टी लावून धरलेला तो आरसा आता लोंबत होता. गल्ली बांधणाऱ्यापासून खांब रोवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून ती वर आली. आईनं तिच्यासाठी ताकाचा पेला आणून डाव्या हाताला ठेवला, तो तिच्या कोपरानं उलटला. आई पुसत बसली आणि केतकी डाव्या आसनावर बसून मुंबईहून येणारं विमान उतरवू लागली. ती उडवते तेव्हा तिचे खांदे सैल असतात. मी कितीही वर्षं घरी उडवलं तरी माझे खांदे कानाला लागलेले असतात.

डावं चाक धपकन बसलं. माझ्यापेक्षाही जोरात.

"बघालायस ना?" केतकीचा चेहरा उजळला होता. "अगदी असंच. डावा टायर उजव्याच्या निम्म्या दिवसांत झिजतो. मी लिहून लिहून दमलो. इंजिनिअर टायर बदलतात, चाकाचा दांडा तपासतात, आणि म्हणतात काय नाही, मॅडम."

केतकी अजूनही कोल्हापूरच्या पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' बोलते. फक्त विमानातल्या घोषणा तेवढ्या शुद्ध करते.

तिनं मला गळच घातली, की हे तू व्हिडिओत सांग. संगणकालाही सापडलंय म्हटल्यावर तरी ते लोक ऐकतील. माझी मात्र चिडचिड झाली होती. मी खोट शोधली होती आणि आता ती खोट नसून खासियत ठरत होती. निनाद बरोबर आणि मी चूक, हे मला पचेना. तेव्हा मी आमच्या धंद्यातलाच उपाय केला. खोट विमानाची असेल तर माणूस बदलला तरी ती राहायला हवी.

माणूस कधी बदलला होता ते मला माहीत होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा केतकीनं महिनाभर रजा काढली होती, तो अख्खा श्रावण ती दवाखान्यात नाहीतर आमच्या घरी होती. मी निनादला म्हणालो, कारण विचारू नकोस, फक्त श्रावणातल्या नोंदींवर भोगावती पुन्हा शिकवून मला पाठव. तो वैतागला, पण शुक्रवार जवळ आला होता आणि माझ्या तोंडून 'घ्यावं' ऐकायची त्याला घाई होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पाठवलं.

इंजिनाची कुरकुर होती. शेपटीची थरथर होती. नाक उचललं, आणि दोन्ही चाकं एकदम, अलगद टेकली.

क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. निनादला फोन लावून मी म्हणालोसुद्धा, बघ, विमान सरळ आहे. तो हळूहळू त्याच्या लक्षात आलेलं सांगू लागला. या जुन्या बनावटीच्या विमानात हाताचा जोर नोंदला जात नाही. पंखाच्या मागची पट्टी किती हलली तेवढंच नोंदलं जातं. ती वैमानिकानं हलवली की हवेनं, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. वेगवेगळे वैमानिक असते तर त्यांच्या सवयी एकमेकींत मिसळून पुसल्या गेल्या असत्या. पण सहवैमानिक बदलत राहिले तरी भोगावती उतरवणारा हात जवळजवळ एकच होता. त्या हाताची सवय वजाबाकीत उरली आणि यंत्रानं तिला विमानाचा स्वभाव म्हणून लिहून टाकलं. वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या पायात असलेली कोल्हापुरी चप्पल बघून चामडं कसं आहे ते ठरवावं, तसं झालं होतं. झिजलेली टाच चामड्याची नव्हती, चालणाऱ्याची होती.

"म्हणजे हा डावा कल एका वैमानिकाचा आहे, सर," निनाद म्हणाला. "आणि गंमत म्हणजे आधीच्या वर्षांत तो नाहीच. गेल्या दीड-दोन वर्षांत वाढत गेलाय."

माझ्या डोळ्यांसमोर ताकाचा पेला आला. मग गाडीचा आरसा. मग आबा आले. आमचे वडील शेवटची काही वर्षं डाव्या खांद्यानं दाराच्या चौकटीला धडकायचे आणि चौकटीलाच शिव्या द्यायचे. काचबिंदू होता. डोळ्यातला दाब तपासला तर तो नेहमी ठीकच यायचा, म्हणून कुणाला संशय आला नाही. कडेची नजर अशी चोरपावलांनी जाते, की जिथं दिसत नाही तिथं मेंदू स्वतःच काहीतरी भरून देतो. काळं दिसत नाही, धूसर दिसत नाही. नुसतं तिथं काही नसतं, आणि काही नाही हेही कळत नाही. आणि जमीन किती वर आली, विमान किती कललं, हे शेवटच्या क्षणी वैमानिक समोर बघून नव्हे, या कडेच्या नजरेनंच जोखतो.

निनाद पुढं बोलतच होता. आता कळलंय तर तो डावा कल घासून काढणं अगदी सोपं आहे, संध्याकाळपर्यंत होईल, कुणाला पत्ता लागणार नाही, मग तुम्ही बिनधास्त 'घ्यावं' म्हणा. मला त्याचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. त्याला विमान दुरुस्त करायला एक दुपार पुरत होती.

संध्याकाळी मी रुईकर कॉलनीत केतकीच्या घरी गेलो. ती दुसऱ्या दिवसाच्या उड्डाणासाठी गणवेशाला इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. आधी ती हसली. मग विचारलं, त्या पुण्याच्या पोराला माहीत आहे का हा हात कुणाचा? मी म्हणालो, नाव त्यानं घेतलं नाही, पण भोगावती कोण उडवतं हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. मग तिनं इस्त्री बाजूला ठेवली.

"उन्हाळ्यात मेडिकल पास झालोय मी."

"त्यात दाब बघतात. आबांचा पण दाब बरोबरच यायचा."

"तू डॉक्टर कधीपासून झालास?"

मी म्हणालो, मी डॉक्टर नाही, म्हणूनच सांगतोय की डॉक्टरकडं चल, कडेच्या नजरेची तपासणी करून घे. ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"तो पोरगा घासून काढतो म्हणतोय ना? मग काढू दे की. पुढच्या महिन्यात माझी रजा आहे, तेव्हा जातो डॉक्टरकडं."

"आणि तोपर्यंत सत्तर माणसं घेऊन उतरणार?"

"आजपर्यंत उतरलोच की." मग ती वळली. "तुझ्यासाठी मी अख्खं पुस्तक पाठ केलं होतं, दादा. खोटं आहे हे कळत होतं मला. तरी केलं. तुझ्यासाठी."

"आणि मी नापास झालो."

"होय. आणि आता मी पण व्हावं, असं तुला वाटालंय."

मला तिचा भयंकर राग आला. राग आला कारण ते अगदीच खोटं नव्हतं. तिला पहिल्यांदा गणवेशात बघितलं त्या दिवशी मी पेढे वाटले होते आणि कारखान्यात जाऊन एकटा बसलो होतो, दोन्ही खरं होतं. पण आबांची चौकटही खरी होती. मी एवढंच म्हणालो, की उद्या उडू नकोस. उडालीस तर मी ऑफिसात फोन करणार. ती म्हणाली, जा तू.

सकाळी मी कारखान्यात गेलोच नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाकडं तोंड करून गच्चीत उभा राहिलो. केतकीचा फोन बंद होता. तिनं तिथं हजर व्हायची वेळ झाली तसा माझा धीर सुटला आणि मी भारद्वाजच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या माणसाला बोलूच दिलं नाही. कॅप्टन इंगवलेंच्या डोळ्यांत दोष आहे, त्यांना उडू देऊ नका, मी त्यांचा भाऊ बोलतोय, असं एका दमात सांगून टाकलं.

तो माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडमनी मघाशीच अनफिट कळवलंय. आज त्या येणार नाहीत. पण तुम्ही म्हणताय ते आता मला नोंदवावं लागेल."

दुपारी तिचा निरोप आला. 'मी स्वतः थांबलो होतो. तुला तेवढा पण भरवसा नव्हता.'

मग तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. जे कळायचं ते आईकडून कळलं. काचबिंदूच निघाला. डाव्या डोळ्याची कडेची आणि खालची नजर बरीच गेली होती. थेंबांनी पुढचं थांबेल, गेलेलं परत येणार नाही. परवाना गेला. भारद्वाजनं तिला नव्या वैमानिकांना शिकवायचं काम देऊ केलं होतं, पण तिनं अजून होय म्हटलं नव्हतं. आई हे सांगायची आणि वर म्हणायची, तू फोन करायला नको होतास. मग थोड्या वेळानं म्हणायची, पण केलास ते बरं केलंस. तिचं काय करावं हेच मला कळेनासं झालं.

फोन केल्याचा मला पश्चात्ताप नाही. ती पडद्यामागं काय ठरवत होती हे मला दिसत नव्हतं आणि विमानात सत्तर माणसं बसणार होती. पण तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. अर्धा तास थांबलो असतो तर ती स्वतःहूनच उतरलीय हे मला कळलं असतं. आता कंपनीच्या दप्तरी तिला भावानं उतरवलं, असं झालं होतं.

इकडं निनादनं सरळ उतरणारी भोगावती शुक्रवारीच बाजारात आणली. माझा व्हिडिओ काही आला नाही. लोक रोज विचारायचे, घ्यावं का नको? मी उत्तर द्यायचो नाही. मग त्यांनी स्वतःच ठरवलं आणि ते ठरवणं वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निनादनं चाचणीसाठी आणखी काही जणांना डाव्या कलाची पहिली भोगावती दिली होती आणि ती हातोहात पसरली. सगळ्यांचं एकमत झालं, की जुनी भोगावती जिवंत होती, नवी मेलेली आहे. 'उतरतानाचा तो डावा झटका म्हणजे खरा आत्मा.' 'कंपनीनं घाबरून विमान गुळगुळीत केलं.' एकानं तर लिहिलं, की असला तपशील मिळत असेल तर दुप्पट किंमत देऊ. माझ्या बहिणीची गेलेली नजर यांना दुप्पट किमतीत हवी होती.

एक दिवस निनादचाच फोन आला. मागणी फार आहे, तेव्हा जुनी भोगावती वेगळी विकायचा विचार आहे. पण त्यांचा वकील म्हणतो, की तो कल आता एका माणसाचा आहे हे माहीत असल्यामुळं त्या माणसाची परवानगी लागेल. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "सर, नाही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. तुम्ही परस्पर ठरवू नका."

एवढ्यात दुसऱ्यांदा मी कुणाचंतरी परस्पर ठरवत होतो. मी आईकरवी निरोप दिला.

केतकी रविवारी सकाळी रिक्षानं आली. माझ्याशी न बोलता वर गेली, डाव्या आसनावर बसली आणि म्हणाली, जुनं लाव. तिनं ते उतरवलं. धपकन. मग म्हणाली, आता श्रावणातलं लाव. तेही उतरवलं. पुन्हा डावं चाक आधी, पण जरा हळू. या वेळी ती मान वळवून डावीकडं बघत होती, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. तिसऱ्यांदा उतरवताना तिनं उतरायच्या आधीच हात सोडून दिले आणि विमान आपसूक, सरळ खाली गेलं.

"विमान चांगलं होतं रे," ती म्हणाली. "मी उगाच त्याला नावं ठेवली. बिचारे टायर बदलत बसले."

मग तिनंच सांगितलं. "त्या दिवशी तू गेल्यावर मी इस्त्री शोधालो होतो. सगळ्या घरात. डावीकडंच होती. वास आला तेव्हा कळलं. टेबल जळालं."

मग ती उठून उजव्या आसनावर बसली आणि मला डाव्या आसनावर बसायला सांगितलं. दिव्यांवरचे आकडे काढून टाक म्हणाली. मी म्हणालो, मग मला उंची कळणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे, ते ठिपक्यांचं पुस्तक मीच पाठ करून घेतलं होतं तुझ्याकडून.

श्रावणातली भोगावती घेऊन आम्ही कोल्हापूरच्या धावपट्टीकडं वळलो. समोर चार पिवळट ठिपके होते.

"दोन लाल, दोन पांढरे," केतकी म्हणाली. "ठीक आहे. डावी कड तू बघ, मला नाही दिसणार."

"बघतोय."

"तीन लाल. खाली आलास. जरा ओढ. ओढ म्हणालो ना. आता दोन-दोन. खांदे खाली घे, कुणी मारालंय का तुला?"

मी उतरवलं. विमान एकदा उसळलं, मग टेकलं, पण दोन्ही चाकं बरोबर टेकली. केतकी म्हणाली, असं उतरवणाऱ्या माणसाला तिच्या टायरबद्दल बोलायचा काही हक्क नव्हता. आई खालून विचारत होती, जेवायला वाढू का. केतकीनं ओरडून सांगितलं, आणखी एकदा उतरवून येतो.

जुन्या भोगावतीबद्दल ती निनादला स्वतःच बोलली. विकायची नाही, पुसायचीही नाही, एक प्रत तिला हवी. आणि भारद्वाजच्या शिकाऊ वैमानिकांना सोमवारपासून शिकवायला जाते, असं तिनं जेवताना आईला सांगितलं, मला नाही. मी ऐकलं.

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, अजून तो व्हिडिओ का नाही टाकलास, लोक शिव्या घालतायत. मी म्हणालो, काय सांगावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी तो टाकला. घसा कोरडा केला नाही. इंजिन, थरथर, चाकं, सगळं दोन मिनिटांत आटपलं, आणि शेवटी सांगितलं, शेजारचं आसन रिकामं राहणार असेल तर न घ्यावं.